आखाजीतलं मतदान

गावाचं नाव सांगणार नाही. पारोळ्याहून अमळनेरकडे निघालं की वाटेत लागतं, एवढं पुरे. माझे भाऊ अजून तिथं राहतात आणि त्यांना रोज त्याच लोकांत उठायचं-बसायचं असतं. मी लग्न होऊन धुळ्याला गेले, तेव्हा तुम्हाला बोलायला काय जातं, असं माझी वहिनी म्हणते. तिचं खरं आहे. पण झुंबरबाईची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी, आणि जिचं त्या गावात मतच नाही अशा माझ्यासारखीनं सांगितली तर निदान कुणाची भीड तरी पडणार नाही.

झुंबरबाई आमच्या समोरच्या घरात राहायची. नात्यानं कुणी नाही, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की ती अंगणातून बोलली तर वेशीवरच्या माणसानं ओ द्यावी. नवरा उखर्डूभाऊ मात्र अबोल. देवानं दोघांत मिळून एकच तोंड दिलं आणि ते अक्काच्या वाट्याला आलं, असं माझी माय म्हणायची. त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती, बाकी मग निंदणी आणि कापूसवेचणी. गल्लीतल्या बायकांची टोळी अक्काच घेऊन जायची. शेतमालक मजुरीत कां-कूं करायला लागला की ती अर्ध्या ओळीत विळा कमरेला खोचून उभी राहायची, आणि तिच्यामागे बाकीच्या सगळ्या. एकदा एसटीवाले आमच्या फाट्यावर गाडी थांबवेनासे झाले. अक्का एका सकाळी रस्त्याच्या मधोमध पाटी उलटी घालून तिच्यावर जाऊन बसली. गाडी थांबली. पुढं कितीतरी दिवस फाट्यावर कुणी नसलं तरी तो ड्रायव्हर गाडी थांबवायचा आणि मगच पुढं जायचा.

अशी बाई. तिला कुणाचं भय नव्हतं. तरी एकदा चारचौघांत तिची बोलती बंद झाली, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

आमच्या गावात तेव्हा कुणाकडे संडास नव्हता. सरपंचांच्या घरी एक होता, पण त्यात सरकीची पोती भरून ठेवलेली असायची. गावाच्या खालच्या अंगाला, नाला आणि पारोळ्याचा रस्ता यांच्या मधे एक पडीक तुकडा होता, भोवती वेड्या बाभळींचं दाट कुंपण. ती बायकांची गोदरी. म्हणजे बायकांची परसाकडला जायची जागा. लाजण्यात अर्थ नाही, गोष्टच तिची आहे. पहाटे आणि दिवेलागणीला गल्लीगल्लीतून बायका डबे घेऊन निघायच्या. पुरुषानं त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, हा नियम कुणी केलेला नव्हता, पण पाटलापासून सालदारापर्यंत सगळे पाळायचे. पुरुषांची ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरायची, वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी, तीही कागदावरच जास्त. आमची सकाळ-संध्याकाळ भरायची. कुणाची सून मार खाते, कुणाच्या पोरीचं जमलेलं मोडलं, कुणाची म्हैस आटली, सगळं तिथं कळायचं. सासूच्या नजरेआड चार शब्द बोलायला सुनांना गावात दुसरी जागाच नव्हती. घाण होती, विंचू-काटा होता, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. पण आडोसा होता. आडोसा म्हणजे काय ते कडीच्या दारामागं बसणाऱ्याला कळायचं नाही. धुळ्याला आमच्या चाळीत सामाईक संडास होता, आतून कडी असलेला. पहिल्या महिन्यात मी उगाचच आत जास्त वेळ बसायची आणि बाहेरच्या बायका दार वाजवायच्या.

पंच्याण्णवच्या आधीच्या हिवाळ्यात सरपंच पितांबर आबांच्या मनात आलं की रस्त्याला लागून एवढी जागा फुकट पडून आहे, तिथं पंचायतीचे गाळे बांधावेत. आबा माणूस वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. वाईट असते तर शिव्या देऊन मोकळं तरी होता आलं असतं. गोड बोलायचे. कुणाचं मरण असो की लग्न, सगळ्यांच्या आधी हजर. गाळ्यांमुळं गावाला उत्पन्न मिळेल, पोरं पारोळ्याला टपऱ्या टाकायला जातात ती गावात राहतील, असं त्यांचं म्हणणं. बायका कुठं जातील, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. कसा पडेल? त्यांना त्या बाजूला जायचंच नव्हतं ना.

बातमी उखर्डूभाऊनं पारावरून आणली. अक्का म्हणाली, मी जाते ग्रामसभेत. तोवर आमच्या ग्रामसभेत बाई कधी गेली नव्हती. ती डोक्यावरून पदर घेऊन गेली आणि पाराच्या कडेला उभी राहिली. समोर बसलेले सगळे तिचे कुणी चुलत सासरे, कुणी दीर, कुणी भाचेजावई. आबांनी आदरानं विचारलं की अक्का, काय काम काढलं? ती म्हणाली, त्या जागेवर गाळे नको, बायकांची अडचण होईल.

"कसानी अडचन शे, अक्का? सांगा ना," आबा म्हणाले.

कसली अडचण ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मान खाली घालून बसले होते त्यांना ठाऊक होतं आणि मिशीत हसत होते त्यांनाही. पण एसटी अडवणाऱ्या बाईच्या तोंडातून तो एवढासा शब्द निघेना. सासऱ्याच्या वयाच्या माणसांपुढं कसा निघावा? ती जराशी उभी राहिली, पदर पुढं ओढला आणि वळून घरी आली. माझी माय सांगायची की त्या दिवशी अक्कानं भाकरी थापताना परात एवढी आपटली की तिला पोचा आला. मागं पारावर ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

पुढच्याच उन्हाळ्यात पंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातली एक जागा बायकांसाठी राखीव आली. आबांनी आपली भावजय बेबाबाई हिचं नाव ठरवून टाकलं. बेबाबाई बिचारी गरीब गाय. तिला कुणी विचारलं नाही, अर्जावर अंगठा घेतला तेवढंच. आमच्या वॉर्डात सगळं नेहमी बिनविरोध व्हायचं, आणि बिनविरोध म्हटलं की अख्खं गाव कौतुकानं मान डोलवायचं. माझं या शब्दानं डोकं फिरतं. विरोध झाला नाही म्हणजे सगळे खूश आहेत असं थोडंच असतं? विचारलंच कुणी नाही, असंही असतं की.

अक्कानं अर्ज भरला; पंचायतीत जाऊन तो गाळ्यांचा ठराव मोडायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गावातली वडीलधारी मंडळी समजूत घालायला आली, गावाची एकी मोडू नका म्हणाली. उखर्डूभाऊ तंबाखू मळत बसले होते. तिचं ती पाहील, एवढंच बोलून त्यांनी चिमूट दाढेखाली ठेवली. मंडळी चहा पिऊन गेली.

प्रचार कुठं करायचा? पारावर बाई सभा घेऊ शकत नाही, आणि घरोघरी जावं तर सासरे ओट्यावर बसलेले. तेव्हा अक्काचा प्रचार गोदरीतच झाला. दुसरी कुठली निवडणूक अशा जागी लढली गेली असेल असं मला वाटत नाही. पहाटे अंधुक उजेडात बायका जमायच्या आणि बाभळीच्या आडून अक्काचा आवाज यायचा. जिच्याशी बोलायची ती उठून जाऊ शकत नसे, हा एक फायदाच होता.

ती म्हणायची, दिल्लीच्या मताला तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसून जाता, आणि गावच्या मताचं म्हटलं की आमचे मालक देतील ना, आम्ही कशाला म्हणता. दिल्लीवाला तुमची ही जागा काढून घ्यायला येणार नाही आणि द्यायलाही येणार नाही. घेणारा आपल्याच गल्लीतला आहे. पारावर आपली जीभ वळत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून तर तो हसून विचारतो. मग एकदा ती जे बोलली ते माझ्या मायनं मला जसंच्या तसं सांगितलं होतं.

"जे तोंडे सांगता येस नही, ते शिक्का मारीसन सांगा. तठे कोनी सासरा उभा ऱ्हास नही."

मताच्या पेटीपाशी कुणी सासरा उभा नसतो, हे बायकांना पटलं. खरंच पटलं, तोंडदेखलं नाही. गल्लीतल्या सुना गौराईची आण घेऊन म्हणाल्या की आमचं मत तुम्हालाच. वॉर्डात सुनांचीच मतं जास्त. हिशेब सरळ होता, अक्का निवडून येणार होती. आबांच्या माणसांनाही ते कळलं होतं आणि त्यांची तोंडं उतरली होती.

मग तारीख जाहीर झाली. आखाजीचा दुसरा दिवस.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. सरकारी कॅलेंडरात ती अक्षय्य तृतीया, बारीक अक्षरात. पण खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. दिवाळीला एखादी नाही आली तर चालतं, आखाजीला लेक आलीच पाहिजे. आठवडाभर आधीच भाऊ बहिणींना आणायला निघतात. गावोगावच्या सुना उठून आपापल्या माहेरी जातात आणि गावोगावच्या लेकी उठून येतात. घरोघर गौराई बसवतात, निंबाला झोके बांधतात. वर्षभर मान वर न करणारी बाई त्या आठ दिवसांत झोक्यावर उभी राहून गळा काढून गाते. पुरुष झाडाखाली पत्ते कुटत बसतात. म्हणजे त्या आठवड्यात गाव बायकांनी भरलेलं असतं, फक्त त्या बायका दुसऱ्या असतात. जिचं मत आहे ती गावात नाही, आणि जी गावात आहे तिचं मत नाही. ज्या साहेबानं ही तारीख काढली त्याला हे कुणी सांगितलं नसेल. आणि ज्यांना माहीत होतं ते कशाला सांगतील?

अक्का पारोळ्याला तहसीलला जाऊन आली. तिथल्या माणसानं सांगितलं, बाई, तारीख जिल्ह्यावरून येते, आमच्या हातात काही नाही. ती परत आली आणि गोदरीत म्हणाली, ठीक आहे. या वर्षी जरा उशिरा जा. मत द्या, आणि मत देऊन तिथूनच निघा. माहेर काय पळून जातंय?

बायका हो म्हणाल्या. आणि आबांनी ट्रॉली काढली.

त्यांनी कुणाला धमकावलं नाही, कुणाच्या हातात काही ठेवलं नाही, एकीलाही जाऊ नको किंवा देऊ नको म्हटलं नाही. गल्लीतून फिरले आणि म्हणाले की यंदा उन्हं फार आहेत, भावांनी कुठं येत बसायचं, एसटीत लेकरं चेंगरतात. "आखाजीले माहेर जावालेच पाहिजे, बाई. ट्रॉली मनी, डिझल मनं." ट्रॉली त्यांची, डिझेलही त्यांचंच. वर असंही म्हणाले की मताच्या दिवशी सकाळी हीच ट्रॉली घ्यायला पाठवतो, मत द्या आणि परत जा. म्हणजे दोन्ही झालं, सणही आणि मतही.

मी त्या वेळी नुकतीच माहेरी आले होते. ट्रॉली निघाली ती मी डोळ्यांनी पाहिली. भिकन ड्रायव्हर, मागं ताडपत्रीची सावली केलेली, खाली गवत अंथरलेलं, पाण्याचा माठसुद्धा ठेवलेला. सुना नव्या बांगड्या भरून, लेकरं काखेत घेऊन बसल्या आणि गल्ली संपायच्या आत गायला लागल्या. कुणाकुणाचे सासरे स्वतः पोहोचवायला आले होते. सून लवकर माहेरी जाते म्हणून खूश झालेला सासरा मी आयुष्यात तेवढाच पाहिला.

त्यांना दोष द्यावा का? मला अजून ठरवता येत नाही, आणि त्यामुळं जास्तच चिडचिड होते. मीही सून आहे. वर्षातले ते आठ दिवस कसे असतात ते मला माहीत आहे. त्या दिवसांत तुम्हाला कुणी पाणी आण म्हणत नाही. माय तुमच्या डोक्याला तेल लावते. ते सोडून कागदावर शिक्का मारायला थांबा, असं म्हणणं सोपं नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळचा आडोसा जाणार होता, तो त्या आठ दिवसांपेक्षा कमी होता का? तो तर वर्षभराचा होता.

ट्रॉली निघायच्या आदल्या संध्याकाळी गोदरीत शब्दानं शब्द वाढला होता. अक्का म्हणाली, जाऊ नका, परत येणार नाही तुम्ही. तेव्हा एकीनं विचारलं की तुमची सून थांबणार आहे का? सगळ्या अक्काकडे पाहायला लागल्या.

अक्काची सून प्रमिला. दोन वर्षांपूर्वी धुळ्याकडून लग्न होऊन आलेली, मुकी म्हणावी इतकी शांत. तिची पहिली आखाजी घरातल्या सुतकात गेली होती, त्यामुळं हीच तिची खरी पहिली. तिच्या माहेरी झोका बांधून तयार होता, तिच्यासाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं. अक्कानं खटपट करून तिचं नाव गावच्या मतदार यादीत घालून घेतलं होतं. आता सगळ्यांसमोर ती म्हणाली, माझी सून थांबेल.

प्रमिलेला तिनं विचारलं नाही. सुनेला काय विचारायचं असतं?

दुसऱ्या दिवशी प्रमिलेचा भाऊ तिला घ्यायला आला. अक्कानं त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि मत झाल्यावर पोरीला मी स्वतः आणून सोडते, असं सांगून त्याच पावली परत पाठवलं. पोरगं बहिणीकडे बघत उभं राहिलं. ती चुलीपाशी पाठमोरी होती. मी आमच्या ओट्यावरून बघत होते. अक्काला वाटलं होतं, आपण एवढं केलं तर बाकीच्यांना लाज वाटेल आणि त्याही थांबतील. भाऊ फाट्याकडे गेला आणि मागोमाग ट्रॉली भरून निघाली. एकही थांबली नाही.

आखाजी झाली. पितरांच्या घागरी भरल्या, सांजोऱ्या तळल्या, आमरस झाला. आम्ही लेकींनी शाळेसमोरच्या निंबाला झोका बांधला होता. प्रमिला घरातून बाहेर आली नाही. मी तिला झोक्यावर बोलवायला गेले, तर तिनं नुसती मान हलवली आणि डाळ निवडत राहिली.

मतदान शाळेत होतं. सकाळीच पोलीस आला आणि म्हणाला, झोका काढा, केंद्राच्या फार जवळ आहे, प्रचार होतो. आम्ही विचारलं, झोक्यानं कुणाचा प्रचार होतो? त्याला सांगता येईना, पण दोर त्यानं सोडवलाच. मग आम्ही साऱ्या लेकी भिंतीच्या सावलीत बसून रांग पाहत राहिलो. रांगेत पुरुष आणि म्हाताऱ्या. आमच्यातली प्रत्येक जण त्याच गोदरीत लहानाची मोठी झालेली, त्या जागेसाठी कुणाशीही भांडायला तयार, आणि आमचं मत कुणाचं धुळ्याला, कुणाचं चोपड्याला, कुणाचं शिरपूरला. गावात त्या दिवशी बायकांचा एवढा मोठा आवाज होता आणि मत म्हणून त्याला कवडीची किंमत नव्हती. मला रडावं की कुणाला दगड मारावा ते कळेना.

अक्का वेशीवर उभी होती. पहाटेच भिकन ट्रॉली घेऊन गेला होता. आबांनी शब्द पाळला, त्यात खोट काढायला जागा नाही. दुपार टळायला आली तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज आला. अक्का पदर सावरत पुढं झाली. ट्रॉलीत एक बाई होती, तीही भावजयीशी भांडण झालं म्हणून आलेली, आणि तिच्याशेजारी आंब्याच्या पाट्या.

भिकन खाली उतरला. तो म्हणाला, गावोगाव गेलो, दारोदार हॉर्न वाजवला. कुणाची माय म्हणाली आज गौराईची बोळवण आहे, आज कशी पाठवू. कुणी म्हणाली लेकराला ताप आहे. कुणी झोक्यावरून खालीच उतरेना. दोघी-तिघींनी अक्कांना सांग म्हणून निरोप दिला की एका मतानं काय होतं, बाकीच्या जातीलच. प्रत्येक गावात त्याला हेच ऐकायला मिळालं होतं.

शाळेच्या फाटकात आबा उभे होते. मी ट्रॉली पाठवली होती ना अक्का, असं ते खरोखरच वाईट वाटल्यासारखं म्हणाले. त्यांनी बायकांना अडवलं नव्हतं. त्यांना बायका अक्कापेक्षा जास्त कळल्या होत्या, एवढंच.

तीन वाजायच्या सुमारास प्रमिला एकटी आली. डोक्यावरून पदर, नजर पायाशी. रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि घरी गेली. अक्कानं आमच्याकडे पाहिलं. मला तिचा अभिमानच वाटला होता, दोघींचाही.

अक्का पडली. चांगलीच पडली. बेबाबाईला निवडून आल्याचं दिराकडून कळलं तेव्हा ती म्हणे गोवऱ्या थापत होती. निकालाच्या दिवशीच अक्का प्रमिलेला म्हणाली, चल, तुला माहेरी सोडते. प्रमिला म्हणाली, आता नाही जायचं, आणि केरसुणी घेऊन अंगणात गेली. अक्काला वाटलं पोर समजूतदार आहे.

मुलांना सुट्टी होती म्हणून मी त्या वर्षी जास्त दिवस राहिले होते. सुना परतायच्या आतच बाभळी तोडल्या गेल्या. कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं गावातलीच होती, त्यांच्याही घरी बायका होत्या. लाकडं कुणी कुणी चुलीसाठी नेली. मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या, आणि तो तुकडा मला ओळखू येईना इतका लहान दिसायला लागला. रस्त्यावरून थेट नाल्यापर्यंत सगळं उघडं.

सुना परत आल्या त्या संध्याकाळी नेहमीसारख्या डबे घेऊन निघाल्या. मीही होते. चुन्याच्या रेघांपाशी सगळ्या थबकल्या. मग एकेकीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, आबांचा मुडदा बसो, त्यांच्या गाळ्यांना आग लागो. अक्का मागून आली. ती एवढे दिवस कुणाला काही बोलली नव्हती, ते सगळं तेव्हा बाहेर पडलं. आबांना कशाला शिव्या देता, ती म्हणाली. जागा आबांनी नाही घेतली, तुम्ही दिली, गात गात दिली. हॉर्न ऐकू आला होता ना? मग उठायला काय झालं होतं? तुमच्या एकेकीच्या मतानं काय होणार होतं ते आता बघा, हे झालं. आता बसा उघड्यावर.

अंधार पडायला लागला होता आणि थांबायला कुणाला सवड नव्हती. नाल्याच्या पलीकडे पुरुषांची बाजू, तेव्हा उरला फक्त रस्ता. सगळ्या रस्त्याच्या कडेकडेनं पारोळ्याच्या दिशेला चालायला लागल्या, गावापासून जरा दूर. अक्काचा राग चालता चालताही निवला नाही. तिनं प्रमिलेचा दंड धरून तिला पुढं केलं आणि म्हणाली, हिच्याकडे बघा. कालची पोर. हिनं पहिली आखाजी सोडली, पण मत दिलं.

प्रमिलेनं दंड सोडवून घेतला.

"मत दिधं," ती म्हणाली, "पन तुमले नही दिधं."

लग्न होऊन आल्यापासून तिचा एवढा स्पष्ट आवाज मी ऐकला नव्हता. बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. अक्काला आधी कळलंच नसावं. मग तिचा चेहरा पारावरून परत आली तेव्हा कसा झाला असेल, तसा झाला. मी तेव्हा तिथं नव्हते, पण मला तसंच वाटलं. ती ओरडली नाही. नेहमीच्या आवाजापेक्षा कितीतरी खालच्या आवाजात तिनं विचारलं.

"राग व्हता ते माले तोंडवर का बरं सांगं नही?"

"तुमले कसं सांगू, आत्याबाई? तुम्ही सासू शेतस."

अक्का वळली आणि डबा घेऊन चालायला लागली. आम्ही आणखी थोडं पुढं गेलो, अंतर ठेवून, एकमेकींकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला बसलो. तेवढ्यात पारोळ्याकडून एका ट्रकचा उजेड आला, आणि आम्ही सगळ्या, अक्कासुद्धा, पदर तोंडावर ओढून उभ्या राहिलो.